बाहेर येऊ नकोस

तपासणीच्या दारातल्या माणसाने अजून तोंडही उघडलं नव्हतं, आणि माझे हात वर गेले. मी वर केले असं नाही, ते आपले आपण गेले. दोन्ही, कोपरं ताठ, तळवे समोर, दोरीवर वाळत घातलेल्या शर्टाच्या बाह्यांसारखे. माझ्या पुढे कुठल्यातरी जर्मन शाळेची रांग होती, मागे आजोबा होते, त्यांची टोपी पट्ट्यावरून यंत्राच्या तोंडात शिरत होती. तो माणूस हसला. "अगं, मी अजून काही म्हटलंच नाही. खाली घे ते, नुसती चालत ये." मी हात खाली घेतले आणि म्हणाले, "थँक्यू." शब्द सुटला आणि मी जागच्या जागी थांबले. फेब्रुवारीतल्या त्या सकाळीही शेवटी मी हेच म्हणाले होते. तोच शब्द, तोच गोड आवाज, दुकानात सुटे पैसे परत घेताना काढतो तसला.

आता हे मला परवडणारं नव्हतं. मी सध्या भलतीच फॉर्मात आहे, हे सांगायला मला अजिबात लाज वाटत नाही. परीक्षा मंगळवारी संपली. मेमध्ये शाळेच्या वादविवादात मी माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठ्या पोरांना असं चीत केलं की त्यातला एक नंतर माझ्याशी हात मिळवायला आला आणि माझं नावच विसरला. नाव आहे ओडेट अ‍ॅलेक्सिस. अ‍ॅलेक्सिस बाबांकडून, त्यांचे आईवडील ग्रेनाडा बेटावरून आले. ओडेट आईच्या हट्टापायी. वर्गात प्रश्न अर्धा विचारून होतो तोवर माझा हात वर असतो, सर म्हणतात, "ओडेट सोडून कुणीतरी." तर असे हे माझे हात. माझ्या मालकीचे. आणि आज संसदेच्या दारात, आईच्या कामाच्या ठिकाणी, ते दुसऱ्याच कुणाचे असल्यासारखे वर गेले. आजोबा मागून बघत होते हे मला मानेवर कळत होतं. त्यांनी टोपी घातली, कमरेचा पट्टा बांधला, आणि म्हणाले, "किती जिने आहेत म्हणालीस?"

प्रेक्षक गॅलरीत समोर जाड काच आहे आणि खाली सभागृह, हिरव्या बाकांचं, टीव्हीवर दिसतं त्याच्या निम्मंच. आवाज मात्र पाठीमागून येतो, आपण टेकतो त्या बाकाच्या पाठीत बसवलेल्या छोट्या जाळीतून. म्हणजे ओठ तिथे खाली हलतात आणि बोलणं इथे कानामागे होतं. पहिली दहा मिनिटं मला सारखं वाटत होतं की कुणीतरी माझ्या खांद्यावर तोंड ठेवून कायदा वाचून दाखवतंय. विधेयक पोलिसांचं आणि गुन्ह्यांचं होतं, वीटभर जाडीचं, आणि आज त्यातल्या दुरुस्त्यांचा दिवस होता. आमची दुरुस्ती एकोणिसावी. 'आमची' मी म्हणते. मांडली होती मॅकायव्हर नावाच्या एका वयस्कर खासदारांनी, विरोधी बाजूच्या, कुठल्याशा बेटावरून निवडून येणाऱ्या. तिच्यात एवढंच होतं की अठरा वर्षांखालच्या मुलाची रस्त्यात झडती घ्यायची असेल तर त्याच्या माहितीतलं एक मोठं माणूस तिथे हजर हवं, आणि ते येईपर्यंत पोलिसांनी थांबायचं. बस. आई सत्ताधारी पक्षाची खासदार, मंत्रिपद नसलेली, मागच्या बाकावरची, आणि तिच्या पक्षाचा हुकूम होता की दुरुस्ती पाडायची. तो हुकूम कागदावर येतो आणि त्याच्याखाली तीन रेघा ओढलेल्या असतात. तीन रेघा म्हणजे मोडलास तर पक्षाबाहेर. रविवारी तो कागद आमच्या स्वयंपाकघरात लोण्याच्या डब्याखाली पडला होता. "मग काय," आई म्हणाली होती, "सुपरमार्केटच्या गल्ल्यावर परत बसेन. तिथे निदान उठून उभं राहिल्यावर कुणी दुर्लक्ष तरी करत नाही."

ते उभं राहणं म्हणजे एक गंमतच आहे. खाली बोलायचं असेल तर हात वर करायचा नसतो, घंटी नसते, काही नसतं. एकाचं भाषण संपलं की ज्यांना बोलायचंय ते सगळे उभे राहतात, अध्यक्ष एकाचं नाव घेतात, बाकीचे बसतात. परत कुणी संपवलं की परत उभे. मधे बाहेर गेलं तर पाळी गेली. आई दुपारी दोनपासून उठाबशा काढत होती. मी मोजत होते. निळा कोट, हातात चार पानं, उठली, बसली. "अकरा," मी आजोबांच्या कानात म्हणाले. "गुडघे माझ्यावर गेलेत तिचे," आजोबा म्हणाले, "पंधरापर्यंत टिकेल." पलीकडच्या पांढऱ्या टायवाल्या पहारेकऱ्याने आमच्याकडे बघून ओठावर बोट ठेवलं. आजोबांनी ताबडतोब पाठ ताठ केली. तीस वर्षं पोलिसात होते ते, आमच्या गावच्या, थॉर्नबेकच्या चौकीत, सार्जंट ओल्डरॉइड. गणवेश दिसला की अजून पाठ ताठ होते.

त्या चार पानांत मी नव्हते. मीच नको म्हणाले होते. आईने मार्चमध्ये विचारलं होतं, बटाटे सोलता सोलता, माझ्याकडे न बघता, कारण बघितलं असतं तर मी उठून गेले असते: "तुझी गोष्ट सांगू का तिथे? नको म्हणालीस तर नाही सांगणार." मी म्हणाले नको. 'एक मुलगी' असंही म्हणू नकोस, गावात दोन दिवसांत कळेल कोण ती. ती बरं म्हणाली, सोललेला बटाटा पाण्यात टाकला, आणि त्यानंतर एकदाही विषय काढला नाही. माझ्या आईचा शब्द म्हणजे काँक्रीट. कधी कधी त्यावर डोकं आपटावंसं वाटतं. त्यामुळे तिच्या कागदांवर आकडे होते, टक्केवारी होती, समित्यांची नावं होती, आणि कालच्या रात्रगाडीत तिने ते मला वाचून दाखवलं तेव्हा मी दुसऱ्या पानावर झोपले होते.

फेब्रुवारीत झालं ते असं. शाळेसमोरचा बसथांबा, आठ वाजून वीस मिनिटं, मी आणि फ्रेया. फ्रेया माझी मैत्रीण, बालवाडीपासूनची. तोच कोट, तीच बॅग, तेच बूट. तिचे केस वाळल्या गवतासारखे पिवळे आणि मी बाबांच्या रंगाची, एवढाच फरक. दोघे पोलीस आले. फोन चोरीला गेला होता कुणाचा तरी आणि मी म्हणे वर्णनाशी जुळत होते. वर्णन नंतर मिळालेल्या कागदावर होतं: शाळकरी मुलगी, गडद रंग, पाठीवर बॅग. "मी पण शाळकरी आहे!" फ्रेया ओरडली, "मला पण बॅग आहे! माझी बघा की!" तर तो म्हणाला, "तू मागे हो, बाळा." माझी बॅग फुटपाथवर उलटी झाली. फिजिक्सची वही पाण्यात. डबा उघडून सँडविचचे पाव वेगळे करून बघितले, फोन सँडविचमध्ये असल्यासारखा. हात वर. बूट काढ. मोजे. फरशी इतकी गार होती की थोड्या वेळाने ती गरम वाटायला लागली. आणि मग सत्तेचाळीस नंबरची बस आली, थांबली, दार उघडून उभी राहिली, आणि खालच्या मजल्यावरच्या सगळ्या खिडक्यांत चेहरे होते, आणि मी हात वर करून उभी. मी कुठे बघायचं म्हणून त्याच्या खांद्याकडे बघत राहिले. तिथे आकडा असतो. सहा दोन आठ तीन. वीस मिनिटं मी तो वाचला. काही सापडलं नाही. त्याने मला कागद दिला आणि म्हणाला, "झालं, जा." आणि मी म्हणाले, "थँक्यू."

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. झडतीचं सगळ्यांना माहीत आहे, फ्रेयाने पहिल्या तासाच्या आत अर्ध्या शाळेला सांगितलं. पण थँक्यूचं नाही. बूट हातात, मोजे ओले, वही चिखलात, आणि वर आभार. आम्ही इथली माणसं दाराला धडकलो तर दाराची माफी मागतो, बसमधून उतरताना ड्रायव्हरचे आभार मानतो, मला माहितीये, सवय आहे, जीभ आपोआप वळते. तरी. तो आकडा मात्र तेव्हापासून डोक्यात बसला तो उठेना. आणि काय चेष्टा बघा, एक त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघ काढा, सहा पूर्णांक दोन आठ तीन. गणिताच्या पेपरात तो येणारच. आला. मी लिहिला, पेन खाली ठेवलं, तळवे मांडीला पुसले, आणि पुढचं गणित केलं. बरोबर आलं.

त्या दिवशी घरी आजोबा टोस्ट भाजत होते. मी ओली बॅग टेबलावर ठेवली आणि सगळं एका दमात सांगितलं, तर त्यांनी सुरी खाली ठेवून एकच विचारलं: "कागद दिला का त्यांनी?" दिला म्हणाले. "मग नियमाने झालं," ते म्हणाले. बस एवढंच. टोस्ट माझ्या पुढे सरकवला, लोणी कडेपर्यंत लावलेला, मला आवडतो तसा. मी खाल्ला नाही. तेव्हापासून आमच्यात ते एक वाक्य उभं आहे, दारात ठेवलेल्या सायकलसारखं. दोघंही अंग चोरून तिच्या बाजूने जातो. काल ते स्वतःहून गाडीत येऊन बसले. "तुझ्या आईसाठी कुणीतरी टाळ्या वाजवायला नकोत?" "तिथे टाळ्या वाजवायच्या नसतात, आजोबा." "मग नुसता बसेन."

आईची सतरावी उठाबस झाली आणि अध्यक्षांनी सर पेरेग्रिन नावाच्या गृहस्थांना बोलावलं. आईच्याच पक्षाचे, मंत्र्यांच्या पुढच्या बाकावरून हकालपट्टी झालेले, आवाज मात्र लोण्यात तळलेला. "अध्यक्ष महोदय," तो आवाज माझ्या खांद्यामागून म्हणाला, "दुपारभर आपण अनामिक मुलांविषयी ऐकतो आहोत. कुणी एक मूल. कुठलंसं शहर. मी या सभागृहात चोवीस वर्षं आहे, आणि मला एक, फक्त एक मूल दाखवा, नावासकट, गावासकट. आहे? नाही. कारण ज्याला लपवायचं काही नाही, त्याला हात वर करायला त्रास कसला?" खाली हशा झाला. थोडासाच, जेवणानंतरचा. आई सरळ बसली होती. तिच्या मानेची मागची बाजू मला वरून दिसत होती, आणि ती लाल होत गेली, कानापर्यंत. तिच्याजवळ नाव होतं. वरून वीस फुटांवर, काचेपलीकडे ते नाव बसलं होतं, आणि ते तिच्या तोंडात कोंबून मीच वर टाके घातले होते.

मी माझ्या हातांकडे बघितलं. ते मांडीवर होते, तळवे वर. मला एकदम इतका राग आला की हसू आलं. अरे, मीच ना ती, जिला सर म्हणतात ओडेट सोडून कुणीतरी? फोन तर खाली जमा केलेला. काचेवर टकटक केली तर उचलून बाहेर टाकतील. आणि तेव्हा मला आईच्या सीगलवाल्याची आठवण झाली. आमच्या गावचा एक म्हातारा दोनशे मैल प्रवास करून संसदेत आला होता, मधल्या दालनात त्याने हिरवं कार्ड भरलं, आणि आईला भर चर्चेतून उठवून बाहेर बोलावलं, का, तर सीगल पक्षी त्याच्या छपरावर नाचतात. कुणीही नागरिक कार्ड भरू शकतो. पहारेकरी ते आत नेऊन आपल्या खासदाराच्या हातात देतो. जुनी रीत आहे. मीही नागरिकच की. आणि आई माझीही खासदार आहे, याचा मी आयुष्यात पहिल्यांदाच विचार केला.

"कुठे?" आजोबा कुजबुजले. "आलेच." "बाथरूम डावीकडे आहे." "तिकडे नाही चालले." त्यांनी पाय आत घेतले.

जिने मी दोन दोन पायऱ्या टाकत उतरले. दालन घुमटाचं, थंड, आणि टेबलाशी काळ्या कोटातला, छातीवर पितळी बिल्ला लावलेला माणूस. "लोरेन अ‍ॅलेक्सिस, थॉर्नबेक," मी म्हणाले. "तू त्यांची कोण?" "मतदारसंघातली." त्याने माझ्या बुटांपासून केसांपर्यंत पाहिलं. "मत देतेस का ग पण?" "दोन वर्षांनी देणार. तोवर त्या टिकल्या तर." त्याच्या मिशा हलल्या. कार्ड दिलं. नाव. पत्ता. भेटीचं कारण. पेन साखळीला बांधलेलं होतं आणि साखळी आखूड, त्यामुळे मला वाकून लिहावं लागलं. नाव मी मोठ्या अक्षरांत लिहिलं, परीक्षेत लिहितात तसं. पत्ता पूर्ण. कारणाच्या चौकटीत लिहिलं: 'बाहेर येऊ नकोस. माझं नाव सांग. सगळं सांग.'

त्याने वाचलं. परत वाचलं. "पोरी, हे कार्ड सदस्याला बाहेर बोलवायला असतं."

"माहितीये. पण बाहेर आली तर तिची पाळी जाईल. सकाळपासून काही खाल्लं नाहीये तिने."

"अठ्ठावीस वर्षं कार्डं आत नेतोय," तो म्हणाला, "येऊ नकोस म्हणणारं हे पहिलंच." त्याने ते दुमडलं नाही, कोटाच्या आतल्या खिशात उभं ठेवलं, आणि चालायला लागला. मी "थँ—" म्हणाले आणि गिळलं. मग वाटलं, नाही, ह्याला म्हणायचं. ह्याला म्हणायलाच हवं. "थँक्यू!" मी ओरडले, आणि तो आवाज घुमटात इतका मोठा झाला की जर्मन शाळेने मान वळवली.

वर पोचले तर अध्यक्षांचं आईला बोलवायचं राहूनच गेलं होतं. वेळ संपत आली, सातला मतदान. गृहराज्यमंत्री उत्तराला उभे होते. "एकोणीस," आजोबांनी सांगितलं. त्यांनी माझ्या माघारी मोजणं चालू ठेवलं होतं. मी खाली बघितलं. कार्ड बाकावरून हातोहात येत होतं, हिरव्यावर हिरवं, एकाने वाचायचा प्रयत्न केला, पुढे दिलं. आईच्या हातात आलं. तिने ते वाचलं आणि वर बघितलं नाही. बघायचं नसतं, गॅलरीत कुणी बसलंय हे खालच्या लोकांनी माहीत नसल्यासारखं वागायचं असतं. पण तिने हातातली चार पानं शेजारच्या जागेवर पालथी घातली, आणि ते मी पाहिलं.

ती उभी राहिली. "मंत्रिमहोदय मला मधे बोलू देतील का?" मंत्री बोलत राहिले. बोलणाऱ्याने वाट दिली तरच मधे बोलता येतं. ती बसली. उभी राहिली. "देतील का?" पुढे चालू. तिसऱ्यांदा मंत्र्यांनी घड्याळाकडे पाहिलं, आपल्याच पक्षाची बाई आहे, कौतुकाचं काहीतरी म्हणेल, असं वाटलं असावं. हात पुढे करून खाली बसले. आणि मग माझ्या खांद्यामागून, कानाच्या अगदी जवळून, आईचा आवाज आला. स्वयंपाकघरातलाच. "मघाशी एक नाव मागितलं गेलं. ओडेट अ‍ॅलेक्सिस. थॉर्नबेक. तेव्हा वय पंधरा. शाळेसमोरच्या बसथांब्यावर, फेब्रुवारीत, वीस मिनिटं, अनवाणी, हात वर. काही सापडलं नाही. ती माझी मुलगी आहे. नाव सांगायला तिने मला आत्ता, लेखी, परवानगी दिली आहे. मोठं माणूस चार मिनिटांच्या अंतरावर होतं, अध्यक्ष महोदय. मी घरीच होते."

मी घरीच होते. हे मला माहीत नव्हतं. म्हणजे माहीत होतं, शुक्रवार होता, शुक्रवारी ती गावीच असते, पण तिने ते चार मिनिटांचं अंतर मोजलं असेल हे माहीत नव्हतं. खाली इतकं शांत झालं की जाळीतून नुसती खरखर येत होती. माझं नाव तिथे, त्या हिरव्या खड्ड्यात, पडून राहिलं आणि मी मेले नाही. उलट मला वाटलं, किती छान वाजतं.

मंत्र्यांना वाईट वाटलं, त्यांनी तसं म्हटलं. या विषयावर सरकार पुढे विचार करेल असंही म्हटलं. आणि म्हातारे मॅकायव्हर उठले, थकलेले, हरणार हे माहीत असलेले, आणि म्हणाले की मंत्रिमहोदयांच्या आश्वासनानंतर सभागृहाच्या परवानगीने मी दुरुस्ती मागे घेतो. "घेतो? म्हणजे?" आजोबा एकदम मोठ्याने म्हणाले. म्हणजे संपलं. मत नाही, काही नाही. पण मागे घ्यायला सगळ्या सभागृहाची परवानगी लागते, एकूण एकाची, आणि ती मिळतेच, कारण तशी रीतच आहे, घरी जायची वेळ झालेली असते. अध्यक्षांनी विचारलं, मागे घ्यायला परवानगी आहे?

"नाही," आई म्हणाली.

एवढंच. पाच तास उठाबशा काढून एक शब्द. आता मत घ्यावंच लागणार होतं. तिच्या दोन बाकं पुढचा पक्षाचा प्रतोद मागे वळून तिच्याकडे असा बघत होता, जसा माणूस स्वतःच्या कुत्र्याकडे बघतो, चावल्यावर. पण मत घ्यायला दोन्ही बाजूंना दोन दोन मोजणारे लागतात, आणि दुरुस्तीच्या बाजूने आई एकटी उभी होती. दुसरं कुणी उठलं नाही तर तिथेच खलास. मी काचेला कपाळ लावलं. एक, दोन, तीन. चौथ्याला मॅकायव्हर उठले. चेहरा तांबडा, चष्मा वर सरकवलेला, आणि आईच्या बाजूला जाऊन उभे राहिले, नापास झालेला मुलगा परत वर्गात येतो तसे.

घंटा वाजल्या. ते सगळे दोन दारांतून दोन बाजूंना चालत गेले, कारण इथे मत पायांनी देतात. "आणि मोजणाऱ्याचं स्वतःचं मत?" आजोबांनी विचारलं. "मोजत नाहीत," मी म्हणाले. आजोबांनी खालच्या दोन्ही दारांकडे बघितलं. "म्हणजे पक्ष गेला," ते म्हणाले, "आणि मतही मोजलं नाही." "हो." "हं," आजोबा म्हणाले, आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

चौघं मोजणारे परत आले, ओळीने उभे राहिले, वाकून नमस्कार केला. जिंकलेले उजव्या हाताला उभे राहतात. आई डावीकडे होती. आकडे ऐकायची गरजच नव्हती, तरी ऐकले: बाजूने दोनशे एकोणतीस, विरुद्ध दोनशे त्रेसष्ट. चौतीसने पडली. सकाळी सगळे म्हणत होते, शंभरने पडेल.

आई आम्हाला दालनात भेटली. बूट हातात होते तिच्या. "पाय गेले," ती म्हणाली, आणि मला इतकं घट्ट धरलं की तिच्या कोटाची गुंडी माझ्या गालात रुतली. "प्रतोदाने सकाळी नऊला बोलावलंय." "मग?" "मग काय, जाईन. विधेयक आता वरच्या सभागृहात जातं. तिथे दुरुस्ती परत मांडता येते. तिथल्या कुणाकुणाला गाठायचं त्याची यादी आज करायची आहे. तुझं अक्षर चांगलं आहे, तू लिही." मग जरा थांबून, "भूक लागली आहे का कुणाला?"

आजोबांनी ऐकलं नाही. ते दगडी बाकावर बसले होते, कामकाजाचा छापील कागद उलटा करून मांडीवर घेतला होता, कोरी बाजू वर. खिशातून पेन काढलं, टोपण मागे लावलं. हे बसणं मी लहानपणी त्यांच्या चौकीतल्या फोटोत पाहिलंय. "त्याचा आकडा काय होता?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे न बघता. "खांद्यावरचा."

"सहा दोन आठ तीन."

त्यांनी लिहिला. "दिनांक. वेळ. कोण कोण होतं. तुझ्या शब्दांत सांग, मी मधे बोलणार नाही. सोमवारी ही तक्रार मी स्वतः चौकीत नेऊन देतो." मी सांगितलं. उभी राहून, हात मागे बांधून, मग सोडून, कारण बोलताना मला हात लागतातच. सँडविच सांगितलं, फ्रेया सांगितली, बस सांगितली. आई बूट हातात धरून ऐकत होती. शेवटाला आले आणि थांबले. घुमटाखाली कुणीतरी खोकलं.

"आणि शेवटी मी थँक्यू म्हणाले त्याला," मी म्हणाले. "तेही लिहायचं का?"

आजोबांचं पेन थांबलं. मग चाललं. "झालं तसं सगळं लिहायचं," ते म्हणाले. लिहून झाल्यावर त्यांनी कागद आणि पेन माझ्यापुढे धरलं. "वाच. चुकलं असेल तर सांग. मग खाली सही."

मी वाचलं. कुठेच चुकलं नव्हतं. सही केली, पूर्ण नावाची, आणि त्यांनी कागद घेऊन चार घड्या घातल्या, छातीच्या खिशात ठेवला, वरून बटण लावलं.

"थँक्यू," सार्जंट ओल्डरॉइड म्हणाले.

मी मान हलवली, दोन्ही हात खिशात घातले, आणि दोघांच्या पुढे चालायला लागले.